अभाव विकणारी वाहिनी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आणि आता टीव्हीवर बोलणार?" मी म्हटलं, अरे, ते शिकवलं म्हणूनच बोलणार आहे. थोडा धीर धर.

सुरुवात एका जाहिरातीच्या वाक्यापासून करू. अमेरिकेतल्या एचबीओ या वाहिनीने १९९६ साली एक घोषवाक्य घेतलं. मराठीत त्याचा अर्थ असा: हा टीव्ही नाही, हे एचबीओ आहे. पुढे १९९९ मध्ये 'द सोप्रानोज' आली, २००२ मध्ये 'द वायर' आली, आणि लोकांना ते वाक्य पटलं. इतकं पटलं, की तेव्हापासून पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचा इतिहास बहुतेक जण त्याच वाक्याच्या उजेडात लिहितात. म्हणजे कसा? प्रेक्षकाने थेट पैसे दिले, म्हणून जाहिरातदाराची कटकट गेली. ती गेली म्हणून कलावंत मोकळा झाला. तो मोकळा झाला म्हणून दर्जा आला. पैसा, मग स्वातंत्र्य, मग दर्जा. तीन पायऱ्यांचा सोपा जिना.

आज मला या जिन्याची चिकित्सा करायची आहे. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो शेवटच्या पायरीवर उभं राहून मागे बघत बांधलेला आहे. पहिल्या पायरीवर उभं राहिलं तर काय दिसतं, ते बघू.

आता ते वाक्य परत ऐका. 'हा टीव्ही नाही.' एखादी वस्तू विकणारा माणूस साधारणपणे ती काय आहे ते सांगतो. इथे ती काय नाही ते सांगितलंय. वैशेषिकांच्या सात पदार्थांत सातवा पदार्थ अभाव. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला समोर कळतं, असं नैयायिक म्हणतात. पण अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. जिथे अभाव, ते त्याचं अधिकरण. ज्याने घट कधी पाहिलाच नाही, त्याला घटाचा अभाव कळणार नाही. त्याला नुसती जमीन दिसेल.

हे दोन शब्द, प्रतियोगी आणि अधिकरण, ध्यानात ठेवा. शेवटी लागणार आहेत. आता इतिहासाकडे जाऊ.

हा इतिहास एचबीओपासून सुरू होत नाही. १९५१ च्या जानेवारीत शिकागोमध्ये झेनिथ या टीव्ही संच बनवणाऱ्या कंपनीने 'फोनव्हिजन' नावाचा प्रयोग केला. ३०० घरं, ९० दिवस. सिनेमा हवेतून यायचा, पण चित्र मुद्दाम बिघडवलेलं असायचं. चित्र नीट करणारा संकेत टेलिफोनच्या तारेतून यायचा. फोन करून मागणी नोंदवायची, एका सिनेमाला एक डॉलर. स्टुडिओंनी त्यांना नवे सिनेमे दिले नाहीत, जुनेच दिले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला 'टेलिमीटर' आला. त्यात पॅरामाउंट या सिनेमा कंपनीचा पैसा होता. संचाला चक्क नाण्यांची पेटी जोडलेली. पैसे टाका आणि बघा. १९५७ मध्ये ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल गावात दरमहा साडेनऊ डॉलरमध्ये तारेवरून सिनेमे दाखवले. पुढच्या वर्षी तो खेळ आटोपला. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला सरकारी परवानगीने १९६२ ते १९६९ अशी सात वर्षं चाचणी चालली. तिथेही लोकांनी बहुतांशी सिनेमेच बघितले.

या सगळ्या प्रयोगांत समान काय आहे? कार्यक्रम नवे नव्हते. नवीन होतं ते कुलूप. हवेतून सगळ्यांच्या घरात येणारी गोष्ट काही घरांपुरती अडवायची कशी, यावर वीस वर्षं डोकं चाललं. फोनची तार, नाण्यांची पेटी, डीकोडर. दाखवायचं काय, हा प्रश्न नंतरचा. आधी न दाखवायची सोय करावी लागली.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. दिव्याचा उजेड दहा जणांच्या अंगणात पडला म्हणून अकराव्याच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही. प्रक्षेपणाचंही तसंच. मग कुलूप कशासाठी? पॉल सॅम्युअलसन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. त्याचं म्हणणं असं: डीकोडर आल्यामुळे पैसे वसूल करता येतील, हे खरं, पण वसूल करता येतात म्हणून करावेत, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणखी एका घराने बघितलं तर जादा खर्च शून्य आहे. ते घर बाहेर ठेवलं तर कुणाचाच फायदा नाही, त्या घराचा तोटा मात्र आहे.

जोरा मिनासियन याने १९६४ मध्ये त्याला उत्तर दिलं, आणि ते उत्तर हलकं नाही. तो म्हणाला, तुम्ही ज्याला फुकट टीव्ही म्हणता तो कोण चालवतो? जाहिरातदार. त्याला डोकी मोजायची असतात. एक कोटी लोक जे जांभया देत बघतील ते चालेल, पण एक लाख लोक ज्याच्यासाठी जीव टाकतील ते चालणार नाही. किंमत लावली की आवडीची खोली कळते. फुकटात फक्त रुंदी कळते.

मला हा पैसे भरून बघायच्या टीव्हीच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद वाटतो. दर्जाची ती जी गोष्ट सांगतात, तिचं खरं मूळ इथे आहे. पण गंमत बघा. दोघेही बरोबर असू शकतात. खोली मोजायची तर दार लावावं लागतं. दार लावलं की कुणीतरी बाहेर राहतो. दोन्हीपैकी एकच बाजू सांगणारा इतिहास अर्धा इतिहास.

हा वाद नुसता पुस्तकात राहिला नाही. ज्या १९६४ साली मिनासियनचा लेख आला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तो मतपेटीत गेला. पॅट वीव्हर हा एनबीसी या मोठ्या नेटवर्कचा माजी अध्यक्ष. त्याने लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तारेवरून सशुल्क टीव्ही सुरू केला. जुलैमध्ये डॉजर्सच्या बेसबॉल सामन्याने सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन १५' नावाच्या प्रस्तावावर राज्यात मतदान झालं: सशुल्क टीव्हीवर बंदी घालावी का? लोकांनी मोठ्या बहुमताने सांगितलं, घालावी. १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, कारण ती भाषणस्वातंत्र्याच्या आड येत होती. पण तोवर वीव्हरची कंपनी बुडाली होती.

आता या बंदीच्या प्रचारामागे कोण होतं? मुख्यतः सिनेमागृहांचे मालक. त्यांचा युक्तिवाद काय होता? की गरिबाला आज जे फुकट मिळतं, ते उद्या विकत घ्यावं लागेल. सिनेमागृहाच्या दारात तिकीट फाडणारा माणूस गरिबाच्या फुकट टीव्हीसाठी गळा काढतोय! साहजिकच इतिहासकार या प्रचाराची टिंगल करतात. ढोंग होतंच ते.

पण तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी एक गोष्ट शिकवत असे. युक्तिवाद कोण करतो यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. चोराने "रात्री कडी लावत जा" असा सल्ला दिला, तरी सल्ला योग्यच. थिएटरवाले स्वार्थी होते, म्हणून त्यांचं वाक्य खोटं ठरत नाही. आणि वीव्हर पुढे न्यायालयात बरोबर ठरला, म्हणून त्या वाक्याला उत्तर मिळालं असंही होत नाही. बंदी चूक होती, असं माझंही मत आहे. पण प्रश्न बरोबर होता. झालं असं की ढोंगी वकिलामुळे खरी फिर्याद निकालात निघाली, आणि नंतर ती कुणी पुन्हा नीट दाखल केली नाही.

आता एचबीओ. चार्ल्स डोलन याची कंपनी मॅनहॅटनच्या रस्त्यांखाली केबल टाकत होती आणि तोट्यात होती. 'टाइम' साप्ताहिकाची मालक कंपनी त्यात भागीदार. केबलला गिऱ्हाईक मिळावं म्हणून डोलनने कल्पना काढली: जाहिरातींशिवाय सिनेमे आणि खेळ, महिन्याच्या वर्गणीवर. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी ती सुरू झाली. पण न्यूयॉर्कमध्ये नव्हे, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या गावात. वर्गणीदार ३६५. आधी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आइस हॉकीचा सामना, मग पॉल न्यूमनचा एक सिनेमा.

विल्क्स-बॅरीच का? हा भाग कोळशाच्या खाणींचा, डोंगराळ. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाने सस्क्वेहाना नदीला पूर येऊन गावाची दैना झाली होती. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते डोंगराळपण. डोंगरांमुळे या पट्ट्यात अँटेनावर चित्रच धड येत नसे. एचबीओ ज्या केबल कंपनीवर प्रथम दिसली, त्या सर्व्हिस इलेक्ट्रिकचा संस्थापक जॉन वॉल्सन हा मूळचा विजेच्या उपकरणांचा दुकानदार. तो सांगे, की दुकानातले टीव्ही खपेनात, म्हणून मी डोंगरावर अँटेना उभारली आणि तिथून तार खाली गावात आणली. म्हणजे इथल्या लोकांना टीव्हीसाठी दरमहा पैसे भरायची सवय होती. त्यांनी पैसे सुरुवातीला कलेसाठी दिले नाहीत, स्पष्ट चित्रासाठी दिले. मुंग्या नकोत म्हणून दिले. बघा, तिथेही विकला जात होता तो अभावच. मुंग्यांचा अभाव.

आणि दर्जा? १९७३ मध्ये एचबीओने दाखवलेल्या अगदी पहिल्या खास कार्यक्रमांपैकी एक होता पेनसिल्व्हेनियातला पोल्का नाचांचा महोत्सव. पोल्काला मी नावं ठेवत नाही. लोकांचा नाच आहे, छान असेल. पण 'हा टीव्ही नाही' असं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक वर्गणी भरत आणि दोन-तीन महिन्यांनी बंद करत. सशुल्क वाहिनीचं खरं दुखणं हेच. जाहिरातीवरच्या वाहिनीला रोज प्रेक्षक मोजायचे असतात. वर्गणीवरच्या वाहिनीला महिन्यातून एकदा एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं: पुढच्या महिन्यात का भरू? पुढच्या काळातला जो दर्जा आपण वाखाणतो, तो कलावंताच्या मुक्तीतून जितका आला, तितकाच या दरमहाच्या धास्तीतून आला. धास्तीतूनही चांगलं काम होतं, हे परीक्षा दिलेल्या कुणालाही माहीत आहे.

एचबीओला बळ दिलं ते उपग्रहाने. जेरल्ड लेव्हिन या वकिलाच्या हाती तेव्हा कारभार होता. १९७५ मध्ये मनिलाला झालेली मोहम्मद अली आणि जो फ्रेझियरची लढत एचबीओने उपग्रहावरून फ्लोरिडा आणि मिसिसिपीमधल्या केबलग्राहकांपर्यंत थेट पोहोचवली. गावोगावी मनोरे उभारायची गरज संपली. छत्री लावली की झालं. १९७६ मध्ये शोटाइम ही प्रतिस्पर्धी वाहिनी सुरू झाली.

आता जिन्याची मधली पायरी, स्वातंत्र्य. ही मला सगळ्यात मजेशीर वाटते. १९६८ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने सशुल्क टीव्हीला परवानगी देताना अटी घातल्या. १९७० मध्ये त्या केबललाही लावल्या. फुकट टीव्हीवरचा माल सशुल्क टीव्हीने पळवू नये, हा हेतू. सिनेमे एकतर अगदी नवे हवेत किंवा दहा वर्षांहून जुने. सिनेमे आणि खेळ मिळून ९० टक्क्यांहून जास्त वेळ नको. जाहिराती अजिबात नकोत. आणि सलग कथानकाच्या, तीच ती पात्रं असलेल्या मालिका नकोत.

ऐकलंत ना? जाहिरात नसणं हा सुरुवातीला वाहिनीचा सद्गुण तर होताच, पण सरकारी अटही होती. आणि ज्या मालिकांमुळे एचबीओ जगात नावाजली, त्या मालिका दाखवायला एके काळी सशुल्क टीव्हीला बंदी होती! मालिकांचं कलम काही वर्षांनी गेलं, आणि १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने केबलवरचे हे निर्बंध रद्द केले. न्यायालयाचं म्हणणं असं, की हवेतल्या लहरी मोजक्या आहेत म्हणून तिथे सरकारचा हात चालतो. तारेला ते कारण लागू नाही.

याचं एक उदाहरण देतो. जॉर्ज कार्लिन या विनोदकाराचा शिव्यांवरचा कार्यक्रम १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने लावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल सरकारी आयोगाच्या बाजूने लागला: हवेतून घराघरात शिरणाऱ्या माध्यमावर बंधन चालेल. दरम्यान १९७७ मध्ये तोच कार्लिन एचबीओवर बिनदिक्कत बोलून गेला होता. माणूस तोच, फरक दाराचा. बाहेरच्या ओट्यावर जे बोलता येत नाही, ते आतल्या खोलीत बोलता येतं. स्वातंत्र्य मिळालं हे खरं. पण ते खोलीचं स्वातंत्र्य आहे, ओट्याचं नाही. ओट्यावर उलट बंधन पक्कं झालं.

याला दुसरा मार्ग नव्हता का? फ्रान्समध्ये ४ नोव्हेंबर १९८४ रोजी कॅनाल प्लुस सुरू झाली. तीही डीकोडरवाली, तीही सिनेमांची. पण तिथे परवान्याबरोबर जबाबदाऱ्या आल्या: उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सिनेमावर, त्यातही फ्रेंच सिनेमावर खर्च करायचा. शिवाय दिवसातले काही तास ती वाहिनी कुलपाशिवाय, सगळ्यांना खुली असे. ते कार्यक्रम लोकप्रिय झाले आणि त्यातून वर्गणीदारही वाढले. मी फ्रान्सचे गोडवे गात नाही. त्या तासांत जाहिराती असत. पण दाराला खिडकी ठेवता येते, एवढं त्यावरून कळतं.

आता आपल्याकडे. एचबीओ भारतात २००० मध्ये आली, आणि आली ती जाहिरातींसकट, कापाकापीसकट! मी त्या वेळी मुलाला म्हटलं, अरे, हे नाव ओळखीचं आहे, पण यातला माल कुठे गेला? ज्या गोष्टी नसण्यासाठी अमेरिकेत लोक पैसे भरत, त्या सगळ्या इथे हजर. घटाभाव म्हणून आणलं आणि वर घट ठेवून दिला. २०१३ मध्ये जाहिराती नसलेल्या दोन वेगळ्या वाहिन्या जादा पैशांवर आल्या, त्या फार टिकल्या नाहीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये एचबीओ इथून गेलीच.

आणि मंडळी, चक्र पूर्ण होतंय. नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये काही देशांत जाहिरातींसह स्वस्त योजना आणली. म्हणजे आता जाहिरातींच्या अभावाला सरळ किमतीची चिठ्ठीच लागली. इतके पैसे भरा, जाहिरात दिसेल. इतके जास्त भरा, दिसणार नाही.

तर आता ते दोन शब्द. या वाहिन्यांनी जाहिरातींचा अभाव विकला, कात्रीचा अभाव विकला, मुंग्यांचा अभाव विकला. या सगळ्यांचा प्रतियोगी एकच: तो कटकटीचा, सगळ्यांसाठी असलेला, फुकट टीव्ही. तो जितका वाईट, तितका यांचा माल चांगला. फुकट टीव्ही सुधारण्यात यांचं हित कधीच नव्हतं, आणि ज्यांची ऐपत आणि आवड दोन्ही होती, तो तक्रार करणारा प्रेक्षक इकडे निघून आल्यावर तिकडे तक्रार करायला कोण उरलं? आणि अधिकरण? एक अभाव असा आहे, जो बिलावर कधी लिहिला जात नाही. न भरू शकणाऱ्या माणसाचा अभाव. तो कुठे आहे, हे इतिहास लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण तो आतल्या खोलीत बसून लिहितो.

नव्वदच्या दशकात आमच्या इमारतीत केबल आली. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे दोन महिने थकले, तर केबलवाल्याच्या मुलाने त्यांची तार काढली. त्यांचा पाचवीतला पोरगा रविवारी आमच्याकडे यायला लागला. दारातच बसायचा, आत ये म्हटलं तरी उंबऱ्याजवळच. मग एका रविवारी आला नाही. त्यानंतरही नाही. मी विचारलं नाही का, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते फार जाणवलंही नाही. सिनेमा चांगला लागला होता.

थांबतो.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक.)

प्रश्न: सर, मग आम्ही वर्गणी भरू नये का? चांगल्या मालिका बघू नयेत?

उत्तर: अहो, जरूर भरा. मीही भरतो, म्हणजे सून भरते आणि मी बघतो. मिनासियनचं म्हणणं मी खोडलेलं नाही. चांगलं काम करणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. मी फक्त एवढंच म्हणतोय, की आपण पैसे भरले म्हणून सगळ्यांसाठीच्या टीव्हीवरचा आपला हक्क आणि त्याच्याबद्दल बोलायची आपली जबाबदारी संपत नाही. दूरदर्शन, सार्वजनिक वाचनालय, नगरपालिकेची शाळा, यांच्याबद्दल तक्रार करत राहा. पैसे भरून बाहेर पडलेला माणूस गप्प बसला, की आत राहिलेल्याचं ऐकणारं कुणी उरत नाही. बस्स, एवढंच.